निरोप नीट पोचला पाहिजे

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, “आत्या, दहावीला डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवायचंय. तक्ता मुलांचा तोंडपाठ आहे, पण वाक्य पुढ्यात आलं की सगळा गोंधळ. काय करू?” तेव्हा घाईत दोन गोष्टी सांगितल्या, पण माझंच समाधान झालं नाही. ३१ वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना मी हा भाग शिकवला. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही तक्त्यापासूनच सुरुवात करायचे. मग ते सोडलं. का सोडलं आणि त्याच्या जागी काय धरलं, ते आज सावकाश लिहिते.

लहानपणी आई मला शेजारच्या काकूंकडे पाठवायची. “काकूंना म्हणावं, वाटीभर साखर द्या, संध्याकाळी परत करते.” मी काकूंच्या दारात जाऊन म्हणायचे, “काकू, आईनं वाटीभर साखर मागितलीय. संध्याकाळी परत करते म्हणाली.” आता नीट बघ. आईच्या तोंडचं ‘द्या’ माझ्या तोंडी ‘मागितलीय’ झालं. सहा वर्षांच्या मला कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं. साखर आईला हवीय, मी फक्त सांगायला आलेय, एवढं मात्र पक्कं कळत होतं. इनडायरेक्ट स्पीच म्हणजे हा निरोप. दुसऱ्याचं बोलणं आपल्या जागेवर उभं राहून तिसऱ्याला सांगायचं. बोलणारा बदलला, जागा बदलली, वेळ बदलली, म्हणून शब्द बदलतात. तक्ता हे त्या बदलांचं टिपण आहे. टिपण आधी आणि निरोप नंतर, असं आपण शिकवतो आणि तिथेच मुलं हरवतात.

त्या निरोपातला दुसरा तुकडाही लक्षात ठेव. ‘संध्याकाळी परत करते’ हे मी आईच्याच शब्दांत, जसंच्या तसं सांगितलं आणि मागून नुसतं ‘म्हणाली’ जोडलं. मराठीत ते चाललं. इंग्रजीत चालत नाही. त्यावर पुढे येते.

वर्गात पहिला तास असा घे. दोन मुलींना व्हरांड्यात पाठव. एकीच्या हातात चिठ्ठी दे: ‘आय हॅव लॉस्ट माय पेन.’ तिनं ती दुसरीला वाचून दाखवायची, आणि दुसरीनं आत येऊन तुला सांगायचं. दुसरी आत येते आणि बहुतेक वेळा धाडकन म्हणते, “बाई, आय हॅव लॉस्ट माय पेन.” तिला रागावू नकोस. वर्गाला विचार, “पेन कुणाचं हरवलं?” सगळे ओरडतात, “हिचं नाही, तिचं!” मग ‘माय’ कसं चालेल? मुलंच सांगतात, ‘हर पेन’. मग ‘आय’ कसं चालेल? ‘शी’. मग ‘हॅव’ कसं राहील? ‘हॅज’. फळ्यावर वाक्य उभं राहतं: ‘शी सेज दॅट शी हॅज लॉस्ट हर पेन.’

इथे मी मुद्दाम ‘सेज’ घेतलं. सांगण्याचं क्रियापद वर्तमानकाळात असलं की आतला काळ हलत नाही. त्यामुळे मुलांच्या डोक्यात एकच प्रश्न राहतो, कोण कुणाबद्दल बोलतंय. दोन-तीन दिवस एवढंच चालू दे. सर्वनामं हाताखाली आल्याशिवाय ‘सेड’ आणू नकोस. सर्वनाम आणि काळ दोन्ही एकदम बदलायला लावले की मूल घाबरतं, आणि एकदा बसलेली ही भीती पुढे कॉलेजपर्यंत पाठ सोडत नाही.

शिकवणीतली मुलं ‘एसओएन’चं सूत्र घेऊन येतील. पहिला पुरुष सब्जेक्टप्रमाणे, म्हणजे बोलणाऱ्याप्रमाणे बदलतो. दुसरा ऑब्जेक्टप्रमाणे, म्हणजे ऐकणाऱ्याप्रमाणे. तिसरा जागचा हलत नाही. सूत्र खोटं नाही, ते खोडून काढू नकोस. फक्त अक्षरांच्या मागची माणसं दाखव. ‘ही सेड टू मी, “यू हॅव टेकन माय बुक.”’ पुस्तक कुणी घेतलं? मी. कुणाचं? त्याचं. ‘ही टोल्ड मी दॅट आय हॅड टेकन हिज बुक.’ हे दोन प्रश्न विचारणाऱ्या मुलाला सूत्राची गरज उरत नाही. अडतं ते ऐकणारा दिलेलाच नसतो तिथे. ‘द मॅन सेड, “यू आर लेट.”’ हे ‘यू’ कोण? मुलं इथे पेन खाली ठेवतात. त्यांना सांग, ऐकणारा तुम्हीच ठरवा, ‘मी’ किंवा ‘तो’, आणि वाक्य संपेपर्यंत त्याचा हात सोडू नका. ‘द मॅन टोल्ड मी दॅट आय वॉज लेट.’ किंवा ‘द मॅन टोल्ड हिम दॅट ही वॉज लेट.’ दोन्ही बरोबर.

आता मराठीकडे येते, कारण आपल्या मुलांच्या निम्म्या चुकांचं मूळ तिथे आहे आणि कुठल्याही गाइडात ते दिलेलं नसतं. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन.’ यातला ‘मी’ कोण? मराठी माणूस हे विचारतही नाही. ‘मी’ म्हणजे तोच, ज्यानं म्हटलं तो. हेच शब्दाला शब्द ठेवून ‘ही सेड दॅट आय वुड कम’ असं केलंस तर येणारा माणूसच बदलतो. आता येणार तो निरोप सांगणारा! मराठीत ‘की’ नंतर जणू अवतरणचिन्ह उघडतं आणि माणसाचं मूळ बोलणं येतं. इंग्रजीत ‘दॅट’ आलं की अवतरणचिन्ह मिटलेलं असतं. ‘की’ म्हणजे ‘दॅट’ असं आपण पाचवीत शिकवतो आणि दहावीत त्याची किंमत मोजतो.

आपली भाषा पहिल्यापासून अशीच आहे. १३व्या शतकातलं म्हाइंभटांचं लीळाचरित्र घे. चक्रधरस्वामी आणि त्यांचे शिष्य तिथे थेट बोलतात, कोण बोललं तेवढं सांगितलं की पुढचे शब्द त्याचेच. अवतरणचिन्हं तेव्हा नव्हतीच. विरामचिन्हं मराठीत रुळली ती १९व्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीनं. त्याआधी, आणि खरं तर अजूनही, बोलणं कुठे संपलं हे आपण ‘असं’, ‘म्हणून’ या शब्दांनी दाखवतो. ‘येतो म्हणून सांगून गेला.’ ‘उद्या सुट्टी आहे म्हणे.’ त्या एका ‘म्हणे’त सगळं आलं: मी पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलंय, खरं-खोटं मला माहीत नाही.

छापील मराठीची तऱ्हा आणखी वेगळी. वर्तमानपत्र उघड. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले.’ हा ‘आपण’ म्हणजे वाचक नव्हे आणि आपण सगळेही नव्हे, तो मंत्री स्वतःच. इंग्रजीत तिथे ‘ही’ येणार: ‘द मिनिस्टर सेड दॅट ही वुड नॉट रिझाइन.’ आणि काळ बघ. सांगितलं भूतकाळात, पण ‘देणार नाही’ हा भविष्यकाळ मराठीनं तसाच ठेवला. काळ मागे ओढायचा, ही कल्पनाच आपल्याकडे नाही. हे मुलांना सरळ सांग. “तुम्ही चुकता कारण तुमची मराठी पक्की आहे; इंग्रजीचा रिवाज वेगळा आहे, तो शिकून घेऊ,” असं म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

काळासाठी मी जिना काढायचे. फळ्यावर पायऱ्या, आणि ‘सेड’ म्हटलं की आतलं क्रियापद एक पायरी खाली उतरतं. ‘इज’ असेल तर ‘वॉज’, ‘वॉज’ असेल तर ‘हॅड बीन’. ‘गो’चं ‘वेंट’, ‘वेंट’चं ‘हॅड गॉन’, आणि ‘हॅव गॉन’ही उतरून ‘हॅड गॉन’पाशीच येतं. ‘हॅड’च्या खाली पायरी नाही, तिथे पोचलेला तिथेच थांबतो. ‘विल’, ‘कॅन’, ‘मे’ उतरून ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ होतात. आणि जे आधीच खाली उभे आहेत ते ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’ हलत नाहीत. ‘मस्ट’कडे मात्र जरा थांब. ‘आय मस्ट गो’ यात सक्ती आहे, म्हणून ‘ही सेड दॅट ही हॅड टू गो’. पण ‘यू मस्ट बी टायर्ड’ हा अंदाज आहे, दमला असशील असा. तिथे ‘हॅड टू बी टायर्ड’ केलं तर दमण्याची सक्ती केल्यासारखं होईल. अंदाजाचं ‘मस्ट’ तसंच ठेवायचं.

तुला एक प्रामाणिकपणे सांगते, मुलांनाही सांग. बोलताना इंग्रज लोक साध्या भूतकाळाला दर वेळी ‘हॅड’ लावत नाहीत. ‘ही सेड ही सॉ हर’ सर्रास ऐकू येतं आणि ते चुकीचं नाही. परीक्षेत मात्र ‘हॅड सीन’ अपेक्षित असतं, तिथे तेच लिहायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे दहावीच्या मुलांना समजतं.

सूर्य पूर्वेला उगवतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते, अशा कायमच्या सत्यांचा काळ बदलत नाही, हे सगळ्या पुस्तकांत आहे. मला यातली खरी गोष्ट एका मुलानं शिकवली. मी फळ्यावर टिळकांचं प्रसिद्ध वाक्य इंग्रजीत लिहिलं होतं, ‘स्वराज इज माय बर्थराइट, ॲण्ड आय शॅल हॅव इट.’ आणि खाली, ‘टिळक सेड दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट ॲण्ड दॅट ही वुड हॅव इट.’ मुलगा उठला. “बाई, ‘वॉज’ म्हटलं तर हक्क संपला ना?” सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला बसायला सांगितलं नाही. म्हटलं, ‘वॉज’ असं म्हणत नाही की हक्क संपला. ‘वॉज’ एवढंच म्हणतं की हे टिळकांनी तेव्हा म्हटलं, मी फक्त सांगतोय. ‘इज’ ठेवलंस तर तू स्वतः त्यांच्या शेजारी उभा राहून आजही ग्वाही देतोस. बातमीदार ‘वॉज’ लिहील, अनुयायी ‘इज’ लिहील. मुलगा म्हणाला, “मग मी ‘इज’ लिहीन.” मी म्हटलं, लिही, फक्त परीक्षेत ‘वॉज’ लिही. सांगणारा माणूस त्या बोलण्याची जबाबदारी स्वतःवर घेतोय की ज्याची त्याच्याकडे ठेवतोय, हे इंग्रजी भाषा काळातून सांगते. आपण ते ‘म्हणे’तून सांगतो. त्या वाक्यातल्या ‘शॅल’मध्ये जो निर्धार आहे, तो ‘वुड’मध्ये उतरत नाही, तेही त्या दिवशी निघालं. म्हणून ‘सेड’च्या जागी ‘डिक्लेअर्ड’ घालावं, असं एका मुलीनं सुचवलं. त्या तासाला पुस्तकातलं एकही वाक्य सोडवून झालं नाही. तो तास मला आजही आठवतो.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुझ्या हातून होऊ नये. घटक चाचणीत मी वाक्य दिलं होतं: ‘धिस मॉर्निंग फादर सेड, “आय शॅल कम होम टुमॉरो.”’ एका मुलीनं लिहिलं, ‘धिस मॉर्निंग फादर सेड दॅट ही वुड कम होम टुमॉरो.’ मी ‘टुमॉरो’वर लाल रेघ मारली, वर ‘द नेक्स्ट डे’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी. हातात पेपर. म्हणाली, “बाई, आज सकाळीच म्हणाले ना ते? मग उद्याच येणार ना?” मी म्हटलं, नियम तसा आहे, जा. ती गेली. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं. वाक्यात ‘आज सकाळी’ आहे. सांगणारी अजून त्याच दिवसात आहे. तिचा ‘उद्या’ आणि वडिलांचा ‘उद्या’ एकच आहे! मुलीनं विचार केला होता आणि मी तक्ता लावला होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिचा अर्धा गुण परत दिला, आणि कारणही सांगितलं.

तेव्हापासून ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टरडे’चं ‘द प्रीव्हियस डे’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘नाऊ’चं ‘देन’, ‘अगो’चं ‘बिफोर’, ‘हिअर’चं ‘देअर’ ही यादी देण्याआधी मी एक प्रश्न विचारायला लावते: सांगणारा कुठे आणि केव्हा उभा आहे? तो त्याच खोलीत असेल तर ‘हिअर’ ‘हिअर’च राहील. परीक्षेच्या वाक्यात असा कुठलाच धागा दिलेला नसतो, तेव्हा निरोप नंतर आणि दुसरीकडे सांगितला जातोय असं धरून यादीप्रमाणे बदलायचं. धागा दिला असेल तर धाग्याप्रमाणे. पेपर तपासताना हे विसरू नकोस.

प्रश्नार्थक वाक्यांत आपल्या मुलांची एक ठरावीक चूक असते. वहीत सापडेल: ‘ही सेड टू मी दॅट व्हेअर आर यू गोइंग?’ हे वाक्य म्हणजे इंग्रजी शब्दांत लिहिलेलं अस्सल मराठी आहे: ‘तो मला म्हणाला की तू कुठे चाललास?’ ‘की’ मराठीत बिनतक्रार बसतो, म्हणून ‘दॅट’ येतो. मुलांना सांग, प्रश्नात ‘व्हेअर’, ‘व्हॉट’, ‘व्हाय’, ‘हाऊ’ असा शब्द असेल तर तोच दोन वाक्यांचा सांधा आहे. एका सांध्याला दुसरा खिळा नको. ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.’

आणि क्रम. ‘व्हेअर वॉज आय गोइंग’ असं लिहिणारी मुलं खूप. त्यांना मी एक खेळ दिला. ‘ही आस्क्ड मी’ या शब्दांवर बोट ठेवायचं आणि उरलेलं मोठ्यानं वाचायचं. उरलेले शब्द अजूनही प्रश्न विचारत असतील तर वाक्य चुकलं. ‘व्हेअर वॉज आय गोइंग’ विचारतं, म्हणून चूक. ‘व्हेअर आय वॉज गोइंग’ काही विचारत नाही, म्हणून बरोबर. प्रश्न विचारून झाला, आता तो फक्त सांगायचाय. म्हणून शेवटी प्रश्नचिन्हही जातं, पूर्णविराम येतो. हे बोट इतकं अंगवळणी पडतं की बोर्डाच्या परीक्षेतही मुलं पेपरावर बोट ठेवून पुटपुटतात.

हो-नाही उत्तराच्या प्रश्नांना ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लागतं. इथे मराठी आपल्याला मदत करते. ‘तू आलास का?’ आणि ‘तू का आलास?’ यातला ‘का’ बघ. वाक्याच्या टोकाला असलेला ‘का’ म्हणजे ‘इफ’. क्रियापदाच्या आधीचा ‘का’ म्हणजे ‘व्हाय’. पहिलं ‘ही आस्क्ड मी इफ आय हॅड कम’, दुसरं ‘ही आस्क्ड मी व्हाय आय हॅड कम’. मुलांनी प्रश्न आधी मनात मराठीत म्हणायचा आणि ‘का’ कुठे पडतो ते बघायचं. अगदी अडलेल्या मुलालाही हे जमतं.

‘से’ आणि ‘टेल’बद्दल थोडक्यात. ‘टेल’ला माणूस लागतो. ‘ही टोल्ड दॅट’ हे आपल्याकडे ऑफिसांतसुद्धा लिहिलं जातं, कारण ‘त्यानं सांगितलं की’ यात मराठीला माणसाची गरज पडत नाही. ‘टोल्ड’ लिहिलं की लगेच विचारायचं, कुणाला? ‘सेड’ माणसाशिवाय चालतं. ‘सजेस्ट’ आणि ‘एक्स्प्लेन’ यांना लगेच पुढे माणूस चालत नाही: ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चूक, ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो’ बरोबर.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. आज्ञार्थी वाक्य बदलताना पुस्तकं ‘ऑर्डर्ड’, ‘रिक्वेस्टेड’, ‘ॲडव्हाइज्ड’ अशा तीन-चार क्रियापदांची यादी देतात आणि मुलं कुठेही काहीही लावतात. आई मुलाला म्हणते, ‘इट युवर फूड, डिअर,’ आणि मुलं लिहितात, आईनं ऑर्डर दिली! इथे इंग्रजी शोधण्याआधी मराठी क्रियापद शोधायला लाव. आपल्याकडे या बाबतीत केवढी श्रीमंती आहे. सांगितलं, बजावलं, विनवलं, दटावलं, सुनावलं, खडसावलं, सुचवलं, आर्जव केलं, लाडीगोडी लावली, हट्ट धरला, कबूल केलं, नाकारलं. फळ्यावर वाक्य लिही, मुलांना विचार, “ही बाई काय करतेय?” कुणी म्हणेल विनवतेय: ‘बेग्ड’. कुणी म्हणेल बजावतेय: ‘वॉर्न्ड’. कुणी म्हणेल गोडीगोडीनं सांगतेय: ‘कोक्स्ड’. हट्ट धरतेय: ‘इन्सिस्टेड’. बोलण्याचा सूर अवतरणचिन्हांबरोबर गळून पडतो, तो या एका क्रियापदात सांभाळायचा असतो. ‘प्लीज’ जातं आणि ‘रिक्वेस्टेड’ येतं. ‘सर’ जातं आणि ‘रिस्पेक्टफुली’ येतं. ‘थँक यू’ जातं आणि ‘थँक्ड’ येतं. आपल्या ‘जरा बस ना’मधला ‘ना’ असाच कुठेतरी जपावा लागतो.

एक सावधगिरी ‘नाकारलं’ची. मराठीत ‘जायला नकार दिला’ आणि ‘चोरी केल्याचं नाकारलं’ हे दोन्ही ‘नाही म्हणणं’च, पण इंग्रजीत पहिल्याला ‘रिफ्यूज्ड टू गो’ आणि दुसऱ्याला ‘डिनाइड दॅट ही हॅड स्टोलन’. आणि ‘डोन्ट’ असेल तिथे ‘नॉट टू’. ‘शी टोल्ड हिम नॉट टू रन.’ ‘लेट अस’ आलं तर ‘सजेस्टेड दॅट दे शुड’. एवढं पुरे.

उद्गारवाचक वाक्यं, ‘अलास’ आणि ‘हुर्रा’, एका तासात आटप. ‘एक्सक्लेम्ड विथ सॉरो’, ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ अशी भाषा आज कुणी बोलत नाही. प्रश्नपत्रिकेत येते म्हणून शिकवायची.

सरावासाठी रेन आणि मार्टिनचं व्याकरण घरात असेल तर खुशाल वापर. त्यातले पी. सी. रेन एके काळी आपल्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि पुढे १९२४ साली ‘ब्यू जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिली ती त्यांनीच. त्यांचे स्वाध्याय भरपूर आणि चांगले आहेत, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नकोस. त्या वाक्यांतली माणसं आपल्या मुलांच्या ओळखीची नसतात, आणि ओळखीच्या माणसाचाच निरोप नीट सांगता येतो. गृहपाठ असा दे: काल रात्री आजी किंवा आजोबा जे बोलले त्यातली दोन वाक्यं मराठीत जशीच्या तशी लिहून आणा, आणि खाली त्यांचा इंग्रजीत निरोप करा. एका मुलीनं लिहून आणलं होतं, आजी म्हणाली, “माझी चष्म्याची डबी कुठे ठेवलीस?” आणि खाली, ‘ग्रँडमदर आस्क्ड मी व्हेअर आय हॅड केप्ट हर स्पेक्टॅकल केस.’ त्या एका वाक्यात सांधा, क्रम, काळ, ‘माझी’ची ‘हर’, सगळं आलं. मग उलट्या दिशेनंही करून घे, निरोपावरून मूळ बोलणं. त्यात मुलांना जास्त मजा येते.

तपासताना नुसती फुली मारू नकोस. समासात एक शब्द लिही: ‘कोण?’ किंवा ‘केव्हा?’ किंवा ‘सांधा’. सर्वनाम चुकलं, काळ किंवा वेळ चुकली, की जोडणारा शब्द चुकला, हे मुलाला तेवढ्यानं कळतं आणि तो स्वतः दुरुस्त करतो. महिनाभरात तुलाही कळेल की कुठल्या मुलाचं नेमकं काय अडतंय.

सोमवारी वर्गात जाशील तेव्हा तक्ता गुंडाळूनच ठेव. दोन मुलींना व्हरांड्यात पाठव, एकीच्या हातात चिठ्ठी दे. दुसरी आत येऊन काय म्हणाली, ते मला रात्री फोन करून सांग. तिच्याच शब्दांत सांग.